बेटाचा ठाव

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू खाडीतल्या एका जुव्यावर, म्हणजे छोट्या बेटावर, वाढलीस; आता शहरात कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहेस. 'बेटाची ओळख' हा विषय घेतल्यापासून जो तो तुला होड्या, जाळी आणि शिंपले सुचवतोय. तुला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय, तेही सुचत नाही. शिवाय विचारतेस की जगात बेटांवर जे मोठमोठे कलाप्रकल्प चालतात ते खरंच त्या जागेबद्दल असतात, की पर्यटनाला लावलेला मुलामा. मी तीसेक वर्षं मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन) करतोय आणि त्यातली बरीचशी पाण्याच्या काठाला, तेव्हा उत्तर लांबणार. चहा घेऊन बस.

आधी जाळ्याचं सांगतो, कारण ती चूक मी करून बसलोय. मी तुझ्यापेक्षा थोडासाच मोठा असताना एका कलामहोत्सवात मला मोकळं अंगण मिळालं. मी बंदरावरून जुनी डोलजाळी विकत आणली, चौदा नग. बांबूंवर टांगली, आत निळे दिवे सोडले, खाली खडेमीठ पसरलं आणि नाव दिलं 'बेट'. वर्तमानपत्रात फोटोही आला. उद्घाटनाला कोळीगीतं म्हणायला काही बायकांना बोलावलं होतं. गाणी झाल्यावर त्यातल्या एक मावशी माझ्या जाळ्यांमधून फिरल्या. एका जाळ्याची आस, म्हणजे विणीतलं भोक, त्यांनी बोटांत धरली, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या जाल्यान म्हावरा यील, पन ऱ्हायचा नाय."

डोल म्हणजे लांबलचक पिशवी. तोंडाशी आस एवढी मोठी की सहज हात जावा. पुढे जाळं निमुळतं होत जातं तशी आस बारीक होते, आणि शेवटच्या टोकाला, ज्याला खोला म्हणतात, तिथे इतकी बारीक की जवळासुद्धा निसटत नाही. हे जाळं ओढत न्यायचं नसतं. ते प्रवाहाच्या तोंडावर बांधून ठेवायचं, बाकीचं काम पाणी करतं. भरती-ओहोटीचा ओढ तोंडातून आत शिरतो, मासळी वाहत खोल्यात जमते आणि पाणी फिरायच्या आत जाळं उचलावं लागतं. मी दिसायला बरं म्हणून निम्मी जाळी उलटी टांगली होती आणि सगळ्यांचे खोले सुटे ठेवले होते. माझ्या लेखी ते एक छान पोत असलेलं कापड होतं. मावशींच्या लेखी ते पाण्याचा ओढ ओळखणारं यंत्र होतं, आणि मी ते बिघडवून टांगलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. होडी आणि जाळं वर्ज्य नाहीत. पण ती लांबून पाहिली की शोभेची होतात आणि चालवणाऱ्याच्या अंगाने पाहिली की बेटाबद्दल काहीतरी सांगायला लागतात.

आता शब्दाकडे ये, कारण आपली भाषा इथे मोठी मदत करते. परदेशी चर्चेत बेट म्हटलं की पहिला अर्थ येतो तो तुटलेपणाचा, एकटेपणाचा. आपल्याकडे द्वीप या शब्दाची फोड आहे द्वि आणि अप्, म्हणजे दोन्ही बाजूंना पाणी असलेली जागा. त्यात एकटेपणा कुठेच नाही. जुवे हा तर खाडीतला घरगुती शब्द. गोव्यातही तो आहे, सांतु इस्तेव्ह बेटाला लोक अजून जुवेंच म्हणतात. आणि जंजिरा म्हणजे अरबी जझिरा, बेटच. आपण 'जंजिरा किल्ला' म्हणतो तेव्हा बेटालाच किल्ल्याचं नाव करून टाकलेलं असतं. एका किनाऱ्यावर संस्कृत, कोकणी आणि अरबी असे तीन शब्द एकाच गोष्टीसाठी नांदतात, ते काही तुटलेपणातून आलेले नाहीत. तिन्ही होडीतून आलेत.

आणि 'ओळख' किंवा 'अस्मिता' या शब्दांपेक्षा मला तुझ्या विषयासाठी 'ठाव' जास्त जवळचा वाटतो. ठावठिकाणा मधला ठाव म्हणजे जागा. पाण्याचा ठाव लागत नाही, असं म्हणतो तेव्हा ठाव म्हणजे तळ. एकाच शब्दात जागाही आहे आणि खोलीही. अस्मिता म्हटलं की आपल्याकडे लगेच झेंडा आणि घोषणा येतात. ठाव घ्यायचा तर पाण्यात काठी घालावी लागते.

हे नुसते शब्दांचे खेळ नाहीत. टोंगन विचारवंत एपेली हाउओफा यांनी १९९३ साली पॅसिफिक बेटांबद्दल हेच मांडलं. बाहेरून पाहणाऱ्याला अफाट समुद्रात इकडेतिकडे पडलेले जमिनीचे ठिपके दिसतात. तिथे राहणाऱ्याला मात्र समुद्र हा आपल्याच मुलखाचा भाग, बेटाबेटांना जोडणारा. १९९७ मध्ये त्यांनी फिजीत सुव्याच्या विद्यापीठात कलाकेंद्र सुरू केलं ते याच विचारावर. मार्शल बेटांवरचे दर्यावर्दी तर नकाशाच काड्यांचा करायचे. माडाच्या झावळीच्या हिरांची जाळी बांधायची, शिंपल्यांनी बेटं दाखवायची, आणि वाकवलेल्या काड्यांनी लाटा बेटाला आपटून कशा वळतात ते. नकाशाचा बहुतेक भाग लाटांचा, बेटं अगदी थोडी. आणि तो होडीत न्यायचा नाही. किनाऱ्यावर बसून पाठ करायचा आणि मग अंगाखालच्या हिंदकळण्यावरून ओळखायचं आपण कुठे आहोत ते. जाळ्याऐवजी काही हातात घेऊन पाहायचंच असेल तर याचं छायाचित्र शोध. मला आजवर पाहिलेल्या कुठल्याही समकालीन मांडणशिल्पापेक्षा ते जास्त धीट वाटतं.

आता मुंबई. तिच्याबद्दल थोडा वैतागून लिहिणार आहे. परीक्षक म्हणून दरवर्षी कुठेतरी 'सात बेटं' बघावीच लागतात. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. जुना नकाशा, त्यावर सात ठिपके, मध्ये निळा रंग, वर लोकलचे रूळ. हे काम वाईट असतं असं नाही, पण त्यात गृहीत धरलेलं असतं की आधी इथे जमीन आणि पाणी यांच्यामध्ये पक्की रेघ होती आणि मग भराव घालून ती हलवली. ती रेघच मुळात नकाशा काढणाऱ्याची आहे. ज्याने नकाशा काढला त्याने दिवसातली कुठली तरी एक वेळ धरली. ओहोटीला धरली असती तर बेटं वेगळी दिसली असती, उधाणाला धरली असती तर आणखी वेगळी.

हा मुद्दा सगळ्यात ठामपणे मांडला तो अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सगळे म्हणत होते पाणी शहरात घुसलं. या दोघांचं म्हणणं असं की पाणी 'घुसलं' असं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा तुम्ही आधी ते बाहेर ठेवल्याचं गृहीत धरता. मुंबई हा खाडीमुखाचा प्रदेश आहे. इथे जमीन आणि समुद्र यांच्यामध्ये रेघ नसते, ओल असते, कमीजास्त होणारी. २००९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी प्रदर्शन मांडलं, नावातच 'मुरणं' होतं. वरून पाहिलेल्या नकाशाला त्यांनी बाजूला सारलं आणि छेद काढले. उभा काप घेतला की माती, चिखल, तिवरं, भिंत, गटार आणि पाणी एकाच चित्रात येतं, आणि पाण्याची पातळी ही एक रेघ न राहता पट्टा होते. दोघेही वास्तुरचनेच्या क्षेत्रातले, रूढ अर्थाने चित्रकार नव्हेत. पण बेटाबद्दलचं इतकं नेमकं काम आपल्याकडच्या चित्रकारांनी क्वचितच केलंय.

त्यानंतर मी विद्यार्थ्यांना एकच सांगतो: नकाशा नको, छेद काढ. तुझ्या जुव्याचा छेद घे, देवळापासून धक्क्यापर्यंत. विहिरीचं पाणी कुठल्या पातळीला आहे, ते गोडं कुठवर आणि मचूळ कुठून, घराचं जोतं केवढं, जुन्या घराचं केवढं होतं आणि नव्या घराचं केवढं वाढवलं, उधाणाची खूण कुठल्या भिंतीवर आहे. हे मोजायला दोरी, काठी आणि चार दिवस लागतील. काढून झालं की बघ, अर्धं काम तयार असेल.

मुंबईतली आणखी दोन कामं पाहून घे. पराग तांडेल हे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले शिल्पकार. कादंबरी कोळी-तांडेल यांच्याबरोबर त्यांनी कोळी समाजाच्या वस्तू, खाणं, आठवणी यांचा संग्रह उभा केला आहे. मासा त्यांच्या कामात शोभेला येत नाही, आहाराचा आणि भाषेचा भाग म्हणून येतो. दुसरं कॅम्प या मुंबईच्या कलागटाचं. २०१३ मध्ये त्यांनी एक चित्रपट पुरा केला, त्यातली बरीचशी दृश्यं कच्छ-सौराष्ट्राच्या खलाशांनी आपापल्या मोबाइलवर टिपलेली आहेत. लाकडी गलबतं शारजाहून सोमालियाकडे सामान घेऊन जातायत, वर बकऱ्या, गाड्या, पीठ, आणि पाठीमागे खलाशांनी स्वतः फोनमध्ये साठवलेली गाणी. कुठेही कुणी 'समुद्र माझी आई' वगैरे म्हणत नाही. आणि तरी दीड तासात तुला कळतं की आपला पश्चिम किनारा हा काठ नव्हता, रस्त्याची एक बाजू होता.

वरळीचं उदाहरण कलेतलं नाही, तरी सांगतो. किनारी रस्त्याच्या पुलाखालून होड्या जाव्यात म्हणून खांबांमधलं अंतर किती हवं, यावर वरळीच्या मच्छीमारांनी बरंच भांडण केलं. आराखड्यात ६० मीटर होतं, शेवटी १२० मीटर मान्य झालं. अभियंत्यांच्या हिशोबात ६० मीटर म्हणजे होडीच्या रुंदीच्या कितीतरी पट. मच्छीमारांचं म्हणणं, पाणी काय सरळ चालतं का? वाऱ्यात आणि ओढात होडी आडवी होते, शेजारून दुसरी येत असते. कागदावरची होडी आणि पाण्यातली होडी यांच्यात जे अंतर आहे, ते दाखवणारं काम मला कुणीतरी केलेलं बघायचंय. अजून दिसलं नाही.

आता तू ज्याला पर्यटनाचा मुलामा म्हणतेस त्याकडे येतो. तुझा रोख बहुधा जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातल्या नाओशिमा आणि आसपासच्या बेटांकडे आहे. त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बघायला मिळतात.

नाओशिमा हे मुळात कारखान्याचं बेट. १९१७ पासून तिथे मित्सुबिशीचा तांबं शुद्ध करण्याचा कारखाना आहे. तरुण माणसं निघून जात होती. सोइचिरो फुकुताके या उद्योजकांनी तिथे कलेला पैसा लावायला घेतला. १९९२ मध्ये वास्तुकार तादाओ आंदो यांनी आखलेलं संग्रहालय-हॉटेल उघडलं, १९९४ मध्ये धक्क्याच्या टोकाला कलावती यायोई कुसामांचा पिवळा भोपळा, म्हणजे भोपळ्याचं शिल्प, आला, २००४ मध्ये जमिनीखालचं चिचू संग्रहालय. भोपळ्याचा फोटो तू पाहिलाच असशील, सगळ्यांनी पाहिलाय. ऑगस्ट २०२१ मध्ये वादळाने तो समुद्रात ओढून नेला आणि २०२२ मध्ये नवा करून बसवला. भोपळा मला आवडतो, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तो कुठल्याही धक्क्यावर चालला असता. त्यात नाओशिमाचं असं काही नाही.

त्याच बेटावर १९९८ मध्ये एका दोनशे वर्षांच्या जुन्या घरात तात्सुओ मियाजिमा यांनी केलेलं काम मात्र तिथून हलवता येणार नाही. खोलीभर अंधार, जमिनीच्या जागी पाण्याचं उथळ कुंड, आणि पाण्याखाली १२५ छोटे अंकदर्शक दिवे, प्रत्येकाचा आकडा आपापल्या गतीने बदलतोय. ती गती ठरवली बेटावरच्या १२५ माणसांनी, पाच वर्षांच्या पोरापासून पंच्याण्णव वर्षांच्या आजोबांपर्यंत. एखादा आकडा झरझर पळतो, एखादा इतका संथ की बंद पडलाय असं वाटावं. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला लाल-हिरवे दिवे दिसतात. गावातल्या माणसाला माहीत असतं की तो कोपऱ्यातला आपला. कलाकृतीत असा एक अर्थ असावा जो फक्त तिथल्याच माणसाला लागतो, असं मला फार वाटतं. पाहुण्याला सगळंच कळलं पाहिजे, हा हट्ट कशाला?

शेजारचं तेशिमा. नावाचा अर्थ समृद्ध बेट, आणि तशी पाण्याची, भाताची सुबत्ता तिथे होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून एका कंपनीने तिथे बेकायदा औद्योगिक कचरा आणून टाकायला, जाळायला सुरुवात केली. १९९० मध्ये पोलिसांनी धाड घातली आणि वर्तमानपत्रं त्याला कचऱ्याचं बेट म्हणू लागली. तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी प्रशासनाविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, २००० मध्ये तडजोड झाली आणि प्रशासनाने माफी मागितली. २००३ ते २०१७ पर्यंत नऊ लाख टनांहून जास्त कचरा आणि दूषित माती जहाजातून हलवली. कुठे? नाओशिमावर, तिथे वितळवण्याचा कारखाना उभारून. म्हणजे पर्यटक ज्या बेटावर भोपळ्याचा फोटो काढत होते, त्याच बेटावर शेजारच्या बेटाचं विष उतरत होतं.

याच तेशिमावर २०१० मध्ये रेई नाइतो या कलावती आणि र्‍यूए निशिझावा या वास्तुकाराने मिळून एक जागा केली. पाण्याच्या थेंबासारखं काँक्रीटचं पातळ कवच, सुमारे ४० बाय ६० मीटर, आत एकही खांब नाही, वर दोन मोठी भोकं. मातीचा ढीग करून त्यावर काँक्रीट ओतलं आणि मग आतली माती उपसून काढली. बूट काढून आत जायचं. जमिनीला बारीक छिद्रं आहेत, त्यातून भूजल थेंबाथेंबाने वर येतं. एक थेंब येतो, थबकतो, दुसरा येऊन मिळतो, मग उताराने अचानक पळत सुटतो आणि तळ्यात जाऊन मिसळतो. बस, एवढंच आहे. मी तिथे सकाळी गेलो होतो, दोन तास बसलो. शेजारच्या बाईंच्या पायाच्या बोटांशी एक थेंब आला तर त्यांनी पाय उचलून त्याला वाट दिली.

ज्या बेटाचं पाणी विषारी झालं म्हणून लोकांनी लढा दिला, तिथे जमिनीतून वर येणारा स्वच्छ थेंब हीच कलाकृती. कुठेही पाटी नाही, 'कचरा' हा शब्द नाही. आता यावर माझी एक तक्रारही आहे. बाहेरून येणाऱ्या बहुतेकांना तो लढा माहीतच नसतो. ते शांतता अनुभवून, टपऱ्यांवर लिंबाचं आइसक्रीम खाऊन परत जातात. बेटाच्या दुसऱ्या टोकाला गावकऱ्यांनी त्या आंदोलनाचं लहानसं संग्रहालय केलंय, तिथे कचऱ्याच्या ढिगाचा एक उभा थर जसाच्या तसा भिंतीवर जपून ठेवलाय. पुन्हा छेदच, बघ. माझ्या मते तेशिमा कळायचं तर थेंब आणि तो थर, दोन्ही एकाच दिवशी पाहायला हवेत. एक निवांतपणा देतो, दुसरा त्याची किंमत सांगतो.

या सगळ्या बेटांना जोडून २०१० पासून दर तीन वर्षांनी सेतोउची महोत्सव होतो. पहिल्याच खेपेला नऊ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या. शंभरेक घरांच्या बेटावर एवढी गर्दी आली की काय होतं ते तुला सांगायला नको. फेरीबोटीत गावच्या आजीला जागा मिळत नाही. हे खरं आहे. ओगिजिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर काही तरुण कुटुंबं महोत्सवाच्या निमित्ताने परतली आणि बंद पडलेली शाळा २०१४ मध्ये पुन्हा उघडली, हेही खरं आहे. मी यातलं एक पारड्यात टाकून दुसरं उचलणार नाही. दोन्ही घडलं.

पण याच महोत्सवातलं मला सगळ्यात हादरवणारं काम ओशिमा बेटावरचं. तिथे १९०९ पासून कुष्ठरुग्णांना सक्तीने ठेवायचे. त्यांना बाहेर न सोडणारा कायदा जपानमध्ये थेट १९९६ पर्यंत टिकला, औषध कधीच आलेलं असूनही. २०१० च्या महोत्सवात तिथे काम करणाऱ्या कलाकारांनी या कामासाठी नवीन काही घडवलं नाही. शवविच्छेदनाचं एक टेबल समुद्रात टाकून दिलेलं होतं, ते बाहेर काढून उघड्यावर ठेवलं. त्यावर शिंपले चिकटले होते. बेट म्हणजे काहींसाठी घर, काहींसाठी कोंडवाडा. आणि समुद्र जसा रस्ता असतो तसा कुंपणही असतो, हे 'दोन पाण्यांमधली जागा' म्हणत सुटलेल्या माझ्यासारख्याने विसरू नये म्हणून ते टेबल आठवत राहतो.

पोस्टकार्डाशी भांडायचं असेल तर युकी किहारा यांचं काम बघ. त्या सामोआच्या. २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात न्यूझीलंडच्या दालनात त्यांनी गोगँ या फ्रेंच चित्रकाराची ताहितीची चित्रं घेतली आणि तीच रचना, तेच हावभाव ठेवून सामोआतल्या फाफाफिने समाजाच्या माणसांना उभं करून छायाचित्रं काढली. फाफाफिने म्हणजे तिथली स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारी, पण समाजात स्थान असलेली माणसं. विनोदी आहे, भडक आहे, आणि शंभर वर्षांचं स्वप्नरंजन एका झटक्यात उलटं करतं. तुझ्या बेटाची पोस्टकार्डं कोणी काढली आहेत? पर्यटन विभागाच्या पत्रकावर तुझं जुवं आहे का? असेल तर तीच पत्रकं हे तुझं साहित्य होऊ शकतं.

घारापुरीचं एक निरीक्षण तुझ्या उपयोगाचं. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून त्या बेटाला एलेफंटा म्हटलं, तो हत्तीच तिथे नाही. १८६४ मध्ये विलायतेला न्यायच्या खटपटीत तो मोडला, आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर जोडून उभा आहे. आणि लेणी पाहून शेवटची लाँच गेटवेकडे निघाली की मागे राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर ही तीन गावं उरतात. समोर मुंबईचा झगमगाट, आणि इथे २०१८ पर्यंत संध्याकाळचे तीनेक तास जनरेटर. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली. त्रिमूर्तीची चित्रं मी हजारांनी पाहिली. जनरेटर बंद झाल्यानंतरच्या अंधाराचं चित्र एकही नाही. तुझ्या जुव्यावर पाहुण्यांची शेवटची तर, म्हणजे ये-जा करणारी होडी, गेल्यानंतर काय होतं, ते फक्त तुला माहीत आहे. तिथून सुरुवात कर.

हाताशी काय घ्यायचं, ते आता सांगतो. पंधरा दिवसांची भरतीची वही ठेव. आजोबांना विचार, ते तिथीची पाऊणपट करून सांगतील: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. ढोबळ हिशोब आहे, तुझ्या खाडीच्या तोंडापासून जुवं किती आत आहे त्याप्रमाणे घटका-दोन घटका मागेपुढे होईल, आणि तो फरकच तुझ्या जागेची सही आहे. त्या वहीशेजारी दुसरी वही: तरीतून काय काय आलं आणि गेलं. गॅसचे सिलिंडर, सिमेंटच्या गोणी, आजारी माणूस, गणपती, नवरी, शाळेची पुस्तकं. मी एका खाडीगावात असंच घरोघर विचारत फिरलो होतो, 'तुमच्या घरात होडीतून आलेली सगळ्यात मोठी वस्तू कुठली?' एका घरात लोखंडी कपाट होतं. ते दोन होड्या एकमेकींना बांधून, मध्ये फळ्या टाकून, उधाणाच्या दिवशी आणलं होतं, आणि ती गोष्ट सांगायला तीन पिढ्या एकदम बोलत होत्या. प्रदर्शन मी दालनात न मांडता तरीतच मांडलं, आठ दिवस, लोक जाता-येता बघत. पैसे देणाऱ्या संस्थेला तरीवर आपला मोठा फलक हवा होता. तर चालवणारा तांडेल म्हणाला, वारा धरेल. फलक गेला.

आणि काम आधी बेटावर दाखव. १९६७ मध्ये कॅनडाच्या फोगो बेटावरची वस्ती हलवायचा सरकारी विचार चालला होता. तेव्हा चित्रपटकार कॉलिन लो यांनी तिथल्या माणसांच्या छोट्या छोट्या फिल्म्स केल्या, सत्तावीस, आणि आधी त्या त्यांनाच दाखवल्या. ज्याला आपलं बोलणं खटकलं त्याला ते काढायला सांगता येत होतं. एका वाडीतल्या लोकांनी दुसऱ्या वाडीतल्यांचं म्हणणं पडद्यावर ऐकलं, मग त्या मंत्र्यांपर्यंत गेल्या. लोकांनी सहकारी संस्था काढली आणि बेट सोडलं नाही. आज तिथे नामांकित कलाकार राहून काम करतात, त्याची पायाभरणी ही आहे.

शेवटी तुझी व्यवहारातली अडचण, की बाहेरचे परीक्षक दालनात येऊन विचारतील 'यात बेट कुठे आहे?' त्यांना दालनात बोलावूच नकोस. महाविद्यालयाला आतापासून लेखी विनंती कर की मूल्यमापन जुव्यावरच व्हावं. नियमात बसतं, मी दोनदा करवून घेतलंय. तारीख मागताना पंचांग बघ. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत पाणी पुरेसं चढत नाही, धक्क्यापासून वीस पावलं चिखलातून चालावं लागलं तर गुण तिथेच कापले जातील. पौर्णिमा धर. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. साडेदहाला पलीकडून तर सोडली तर चढत्या पाण्यावर कोरड्या पायांनी उतरतील, बाराला परततील, आणि जेवण तुझ्याकडेच असेल तर एकला.